जावयाचं मूळ गाव

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत सोयरीक जमवताना मुलाचा पगार नंतर विचारतात. पहिला प्रश्न मूळ गावाचा. माझं माहेर माधवगंजात आणि सासर जयेंद्रगंजात. मधलं अंतर भाजी घेता घेता चालून होतं. तरीही माझ्या वडिलांनी सासरच्यांकडून साताऱ्याकडच्या त्यांच्या गावाची नदी कोणती, ग्रामदैवत कोणतं, वेस कुठल्या दिशेला, हे सगळं बैठकीत विचारून घेतलं होतं. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले त्याला पिढ्या लोटल्या होत्या आणि ते गाव त्यांच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं. पण उत्तरं चोख आली आणि माझं लग्न झालं.

त्यामुळे आमच्या मुलीने प्रागहून फोन करून सांगितलं की तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं आहे, तेव्हा घरात आरडाओरडा झाला नाही. हे भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. यांनी एवढंच विचारलं, की मुलाचं गाव कोणतं. तिने प्राग सांगितलं. ते शहर झालं, मी गाव विचारतोय, असं हे म्हणाले. मग तिने गावाचं नाव सांगितलं. ते इतकं जोडाक्षरी होतं की यांना लिहून घ्यावं लागलं. गाव नीट कळेपर्यंत आपण हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, असं यांनी जाहीर केलं. मुलगी हट्टी आहे, पण बाबांच्या होकाराशिवाय लग्न करणार नाही, असं तिनेही सांगून टाकलं. दोघं एकमेकांना अगदी शोभतात.

त्यानंतर कित्येक महिने आमच्या घरात चेक प्रजासत्ताकाच्या उत्तर सरहद्दीवरच्या एका खेड्याचा भूगोल नांदत होता. दोन्हीकडे डोंगर, मधून ओढा, ओढ्याच्या काठाने एका ओळीत घरं. एक चर्च, एक तळं, आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची शेड आणि एक दारूचा गुत्ता. या गुत्त्याला नातेवाईकांसमोर उपाहारगृह म्हणायचं ठरलं. ओढ्याचं पाणी पुढे एल्बे नदीला मिळून उत्तर समुद्रात जातं, हे मला पोळ्या लाटताना समजलं. आमच्याच शहरातल्या नाल्याचं पाणी कुठे जातं ते यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. दाल बाजारातल्या दुकानदारालाही, तिथे तूर होत नाही, असं हे सांगून आले. त्याने मनापासून हळहळ व्यक्त केली.

मला मुलाविषयी ऐकायचं होतं. तो पितो का, चिडतो का, माझ्या लेकीला हसवतो का. मी एकदा वैतागून म्हटलं, की अहो, मुलगी ओढ्याशी लग्न करणार नाहीये. यांनी चष्मा पुसला आणि इतिहास काढला. जर्मन लाकूडतोड्यांनी वसवलेलं गाव, पुढे काचेच्या भट्ट्या, मग दुसरं महायुद्ध. आणि तिथून एकदम तळ्याची दुरुस्ती. मधलं काहीच सापडत नव्हतं, आणि ते यांना रात्रंदिवस खुपत होतं.

दिवाळीनंतर मुलगी त्याला घेऊन आली. दारातून आत येताना त्याला वाकावं लागलं. त्याने श्रीखंड आवडीने खाल्लं, कढी संशयाने प्यायली आणि हात धुऊन परीक्षेला बसला. मुलगी दुभाषी. यांनी ओढ्यापासून सुरुवात केली. तळं चर्चच्या उत्तरेला आहे, असं तो म्हणाला. दक्षिणेला, असं यांनी सांगितलं. त्याने डोळे मिटून विचार केला आणि चूक मान्य केली. मला त्या क्षणी तो आवडला.

मग यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, की तुमचं घराणं या गावात किती पिढ्यांपासून आहे. मुलाने उत्तर दिलं आणि मुलगी भाषांतर करायचीच थांबली.

"बाबा, तो म्हणतोय, ते त्यांचं मूळ गाव नाहीचेय."

एवढे महिने चुकीच्या वर्गाचे पेपर तपासल्यासारखा यांचा चेहरा झाला. संपलं सगळं, असं मला वाटलं.

मुलगा सावकाश सांगत गेला. त्या गावात सगळे जर्मन बोलणारे लोक होते. युद्धानंतर त्यांना हाकलून दिलं गेलं, हातात मावेल तेवढंच सामान घेऊन. रिकाम्या घरांत आतल्या मुलखातून आणलेली माणसं बसवली. त्याचे पणजोबा त्यांतलेच. ते आले तेव्हा कपाटात बशा तशाच होत्या. आजही हिवाळ्याच्या तोंडावर त्याची आजी दफनभूमीतल्या परक्या नावांच्या कबरी साफ करते आणि दिवे लावते, कारण दुसरं कोणी करणारं नाही. उन्हाळ्यात कधी कधी त्या जुन्या लोकांची मुलंनातवंडं येतात आणि घरासमोर नुसती उभी राहतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याकडच्या त्या मूळ गावी जाऊन आलो होतो. यांनी पारावरच्या मंडळींना मोठ्या उमाळ्याने सांगितलं, की आम्ही इथलेच. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने विचारलं, की कुठला गट नंबर शोधताय. जमीन मागायला आलो असं त्यांना वाटलं. कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. परतताना हे एसटीत एवढंच बोलले, की वेस ऐकली होती तशी पूर्वेलाच आहे. त्यानंतर त्या प्रवासाचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. मला अजूनही आठवलं की रडू येतं.

"और वो लोग आकर खड़े होते हैं, तब तुम्हारी दादी क्या करती है?" यांनी विचारलं. या वेळी हिंदीतच विचारलं, दुभाष्याची वाट न बघता. मुलीने घाईघाईने समजावून सांगितलं.

आजी त्यांना आत बोलावते, मुलगा म्हणाला. कॉफी देते, खोल्या दाखवते, परसातल्या नासपतीच्या झाडाखाली बसवते. त्यांची भाषा तिला येत नाही. ते रडतात, तीही थोडं रडते, आणि मग ते जातात.

हे खुर्चीतून उठले. मग मुलीला म्हणाले, "त्या घरात जा तू. माझा हो आहे."

मुलीने मला मिठी मारली. मला आनंद झाला आणि त्याच दमात ती हातची सुटल्यासारखं वाटलं, कारण इतके दिवस तो अडलेला होकारच तिला आमच्याकडे धरून होता. ती डोळे पुसत हसत म्हणाली, "बाबा, अब मेरे बच्चों से कोई मूळ गाव पूछेगा ना, तर ते ग्वाल्हेर सांगतील. दूसरा ऑप्शनच नाही त्यांना."

यांनी जन्मभर कोणालाही आम्ही ग्वाल्हेरचे असं सांगितलेलं नाही. विचारणाऱ्याला हे साताऱ्याकडचेच म्हणतात. आता काहीतरी दुरुस्ती करतील म्हणून मी वाट बघत होते.

"सांगू दे," हे म्हणाले. "पण त्यांना लवकर घेऊन ये, बेटा. आम्ही दोघं आहोत तोवर. नंतर दार कोण उघडेल, सांगता येत नाही."