दुसऱ्याचा चुकलेला पास

बर्नार्ड डाबरेला शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये कोणी बर्नार्ड म्हणत नाही. तिथे तो 'स्टोअर'. "स्टोअरला विचार", "स्टोअरकडून सही आण", "स्टोअर जेवायला गेलाय". पाइप आणि व्हॉल्व्ह विकणाऱ्या त्या कंपनीत पंचवीसेक वर्षं काढल्यावर माणसाचं गोदाम झालं, आणि त्याला त्याचं काही वाटेनासंही झालं. वाटलं असतं, पण शनिवार होता ना. शनिवारी दुपारी दुबईच्या अल बर्शातल्या एका शाळेच्या भाड्याच्या मैदानावर पाय ठेवला की हाच माणूस 'कोच' व्हायचा, पोट आत घ्यायचा आणि चक्क मोठ्याने बोलायचा.

टीम होती 'तळेपाडा बॉइज'. वसईतल्या तळेपाड्याची, दुबई-शारजात नोकरीला आलेली पोरं. थंडीच्या दिवसांत वसईच्या गावागावांची इथे लीग होते, आणि तिचा नियम एकच: ज्याचा बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्ये झालाय तोच त्या गावाकडून खेळणार. बाकी ऑफसाइड, फाउल यावर वाद घालायला सगळे मोकळे. बर्नार्ड टीमचा कोच होता, ड्रायव्हर होता, पाणीवाला होता, आणि त्याची बायको सँड्रा न विचारता टीमची धोबीण झाली होती. मॅच झाली की घामट जर्सींची निळी बॅग शारजाच्या फ्लॅटवर यायची आणि रविवारी बाल्कनीत सगळं तळेपाडा वाळत पडायचं. शेजारच्या शहनाझला पहिल्या वर्षी वाटलं होतं की या घरात अकरा मुलगे आहेत. होती एकच मुलगी, जीन, आणि तिला फुटबॉलचा मनस्वी कंटाळा.

या हंगामात टीमची सगळी भांडणं एकाच पोरावर येऊन ठेपली होती. त्याचं नाव जेसन. वय एकवीस, एका हॉटेलात रिसेप्शनवर उभा राहायचा, आणि मैदानाच्या मधोमध खेळायचा. मधोमध खेळणाऱ्याच्या पायातूनच सगळा खेळ जातो. मागून आलेला बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना वाटायचा. पंगतीत वाढप्या चुकला तर चांगला स्वयंपाकही वाया जातो, तसंच हे.

आणि जेसन चुकत होता. साधा, जवळचा पास त्याच्या डोळ्यांत भरतच नसे. मान वर करून तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला बॉल भिरकावायचा, विंगवरचा पोरगा जिथे आहे तिथे नाही, तर जिथे पोचणार आहे तिथे. जमलं की समोरची अख्खी टीम तोंडात बोट घालायची. पण जमत होतं क्वचित. बहुतेक वेळा बॉल थेट समोरच्यांच्या पायात जायचा आणि ते तळेपाड्यावर गोल ठोकून यायचे. तीन मॅच अशा गेल्या. प्रेक्षकांतल्या बायका-पोरांनाही आता गोल कोणामुळे झाला हे पाठ झालं होतं.

"आधी जवळ खेळ रे बाबा," बर्नार्ड त्याला दर शनिवारी सांगायचा. "पाय बसू दे. मग मार लांब."

"हो अंकल," म्हणायचा, आणि पुन्हा मारायचा लांबच.

खरं सांगायचं तर बर्नार्डला आतून ते आवडायचं. एवढ्या वर्षांत त्याने कष्टाळू पोरं पाहिली, दमदार पोरं पाहिली, पण मैदान वरून दिसत असल्यासारखा खेळणारा पोरगा पाहिला नव्हता. असं पोरगं चुकत चुकतच तयार होतं, एक हंगाम द्यावा लागतो, एवढंच त्याचं म्हणणं. पण गावाला फळ उद्याच हवं असतं, आणि तेही दुसऱ्याने पाणी घातलेल्या झाडाचं.

कमिटीची मीटिंग ग्रेगरी लोपीसच्या घरी झाली, रविवारी चर्चमधल्या मिसानंतर. ग्रेगरी म्हणजे टीमचा अध्यक्ष. कुठल्याशा टॉवरचा फॅसिलिटी मॅनेजर, आणि घरातही तसंच बोलणारा. सँड्रा आणि जीनही आल्या होत्या. सँड्राने फुगे, आपले मैद्याचे तळलेले गोळे, करून आणले होते, ते सगळ्यांनी आवडीने खाल्ले. जेसनलाही बोलावलं होतं. तो सोफ्याच्या कडेला बसला होता आणि ताटलीतला फुगा नुसता दाबत होता.

"बर्नार्ड, लुक, इमोशन बाजूला ठेव," ग्रेगरी म्हणाला. "बच्चा अच्छा है, मान्य. पण रिझल्ट कुठेय? मिल्टनला मध्ये खेळवू. सेफ आहे."

मिल्टन चाळिशीला टेकलेला. सेफ होताच, पळतच नसे, मग चुकणार कुठून.

"आत्ता काढलं तर हा पोरगा संपेल," बर्नार्ड म्हणाला. "पुन्हा मान वर करून बघणार नाही तो."

"आणि सेमीफायनल? ती कोण बघणार? सिझनच खलास होईल, बर्नार्ड."

मग सगळे एकदम बोलू लागले. पोरगा ऐकत नाही, पोरगा हिरोगिरी करतो, पोराच्या डोक्यात हवा गेलीय. जेसनची मान खाली खाली जात होती. बर्नार्डला ते बघवेना, आणि त्याच्या तोंडून गेलं, "त्याची काही चूक नाही. लांब पास मारायला मीच सांगितलं होतं त्याला."

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण तो मूर्ख नव्हता. तळेपाड्यात हे चालतं. गावात पोराने कोणाची काच फोडली, कोणाच्या केळीत बैल सोडला आणि दहा माणसं जमली, की एखादा वडीलधारा पुढे होऊन म्हणतो, "मीच सांगितलं होतं." सगळ्यांना कळतं की त्याने सांगितलेलं नाही. पण थोराने अंगावर घेतलं की पुढे विचारायचं नसतं. लोक हसतात, विडी पेटते, विषय मिटतो. बर्नार्डने त्याच हिशेबाने वाक्य टाकलं आणि आता कोणीतरी हसेल म्हणून वाट पाहिली.

कोणी हसलं नाही. ही गावचीच माणसं, बाप्तिस्म्यासकट. पण इतकी वर्षं मॅनेजरांच्या हाताखाली काढून त्यांना आता बोललेलं तेवढंच ऐकू येत होतं.

जेसनने मान वर केली. बर्नार्डकडे पाहिलं. त्याचे ओठ हलल्यासारखे झाले. मग त्याने फुग्याचा घास तोडला आणि तोंडात टाकला.

"म्हणजे प्रॉब्लेम पोराचा नाहीच," ग्रेगरी सावकाश म्हणाला. "कोचिंगचा आहे."

पडत्या फळाची आज्ञा झाली ती. शौकत नावाचा एक केरळी कोच ग्रेगरीच्या ओळखीचा निघाला, सर्टिफिकेटवाला. खेळाडू गावचाच हवा हा नियम. कोचबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं, कारण कोच बर्नार्ड असतो हे सगळे धरूनच चालले होते. टाळ्या वाजवून बर्नार्डचे आभार मानण्यात आले. पोराला ठेवलं, कोचला काढलं, आणि फुग्यांचा डबा धुऊन परत दिला.

गाडीत जीनने हेडफोन काढून विचारलं, "पप्पा, यू लाइड?"

"हो."

"बट व्हाय? ही डिडन्ट ईव्हन से थँक्यू."

"म्हणेल. लाजला असेल तो सगळ्यांसमोर," बर्नार्ड म्हणाला. सँड्राने रिकामा डबा मांडीवर घट्ट धरला होता.

जेसनचा फोन त्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यात आला नाही. पुढच्या शनिवारी बर्नार्ड सवयीने लवकर उठला, बूट घातले, आणि मग ते घालून हॉलमध्येच बसून राहिला. टीम ती मॅच जिंकली हे त्याला गोदामात एका ट्रकवाल्याकडून कळलं.

मग एका संध्याकाळी जेसन आला. हसत, टवटवीत, डोक्याला जेल लावलेला. जर्सींची बॅग न्यायला आला होता, तोवर टीमने जुन्या जर्सींवर भागवलं होतं. शौकत सरांनी धुण्यासाठी लॉन्ड्री लावून दिली होती. सँड्राने जर्सींच्या घड्या घालून भरलेली बॅग आणून दाराजवळ ठेवली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. चहा विचारला नाही. त्या घरात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"बस ना," बर्नार्ड म्हणाला. "कसं चाललंय?"

"एकदम मस्त, अंकल. शौकत सर लई स्ट्रिक्ट आहेत, पण क्लिअर आहे सगळं. घ्यायचा, बाजूला द्यायचा, यल्ला, पुढे. लांब पास बंद."

"बंद म्हणजे?"

"टोटल बंद. सर म्हणाले, ते तुमच्या जुन्या कोचचं फॅड होतं, विसरून जा. आता चुका होतच नाहीत माझ्या."

आपण पोराला वाचवायला खोटं बोललो हे बर्नार्डला माहीत होतं. त्या खोट्याने आपली टीम गेली हेही त्याने गिळलं होतं. पण त्याच खोट्याने पोराचा तो पास गेला हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. वाईट कोचची वाईट सवय म्हणून त्यांनी तो कापून टाकला होता, आणि कापायला सुरी बर्नार्डने स्वतः पुढे केली होती.

"जेसन, ऐक," तो म्हणाला. "तो पास मी शिकवला नव्हता. मी तर तुला जवळ खेळ म्हणायचो. तो तुझा होता. तुझा एकट्याचा."

जेसन हसला. "अंकल, मीटिंगमध्ये तर तुम्हीच बोललात ना, सगळ्यांसमोर."

"ते मी तुझ्यासाठी बोललो."

पोराचं हसू जरा ढिलं पडलं. त्याला आठवत होतं. बर्नार्डला त्याच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसलं. पण आठवून घेतलं असतं तर त्याला बरंच काही परत करावं लागलं असतं. त्याने बॅग खांद्यावर टाकली. "जाऊ द्या ना अंकल. जे झालं ते चांगलंच झालं. तुम्ही या ना फायनलला."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. तो लिफ्टमध्ये शिरल्यावर सँड्रा बाहेर आली आणि म्हणाली, "आता तरी तिकडे जाऊ नका." बर्नार्डने मान डोलावली आणि फायनलला गेला.

तो खुर्च्यांकडे न जाता कुंपणापाशी उभा राहिला. तिथून त्याला टीमचं पाणी दिसत होतं, बाटल्या उन्हात ठेवलेल्या, आणि त्या सावलीत सरकवायला त्याचे हात शिवशिवत होते. जेसन खरोखर सुरेख खेळत होता. घ्यायचा, बाजूला द्यायचा. एक चूक नाही. मिल्टन खेळला असता तर अगदी असाच खेळला असता, फक्त थोडा हळू.

शेवटाकडे, मॅच बरोबरीत असताना, ती वेळ आली. पलीकडच्या विंगवरचा पोरगा एकटा सुटला होता. त्याच्या पुढे सगळं मैदान मोकळं होतं. बॉल जेसनच्या पायात होता. आणि जेसनने मान वर केली.

त्याला दिसलं. बर्नार्डने पैज लावली असती, त्याला दिसलं. कुंपणाची जाळी बर्नार्डच्या बोटांत रुतली. मार, तो पुटपुटला. चुकला तरी चालेल, मार.

जेसनने मान खाली घातली आणि बॉल शेजारच्याला दिला. बाजूला, सेफ. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने कॉर्नरवरच्या गर्दीत कोणाचा तरी गुडघा लागून बॉल आत गेला आणि तळेपाडा चॅम्पियन झालं.

गर्दीतून वाट काढत ग्रेगरी कुंपणाशी आला. घामाने भिजला होता, खूश होता, आणि मनाने काही वाईट माणूस नव्हता. जाळीतून दोन बोटं घालून त्याने बर्नार्डचा हात दाबला.

"मान गए ना, बर्नार्ड? तू म्हणत होतास पोराला काढू नका. बघ, ठेवलं की नाही आम्ही?"

मागे पोरांनी जेसनला खांद्यावर उचललं होतं.

"नाही," बर्नार्ड म्हणाला. "तो लांब मारणारा पोरगा तुम्ही काढलात. मीच काढून दिला."

ग्रेगरीला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनाला लागलंय अजून. त्याने हात थोपटला आणि तो फोटोसाठी परत गेला.