नारू गुंडाळणाऱ्या गायकवाड सिस्टर

कुणी लंगडत दवाखान्यात आलं, की गायकवाड सिस्टर आधी पायावरचा फोड बघायच्या आणि मग विचारायच्या, "मागल्या साली पाणी कुठलं पेलात?" रुग्ण बुचकळ्यात पडायचा. आजच्या फोडाचा मागल्या वर्षीच्या पाण्याशी काय संबंध?

संबंध मला तोंडपाठ होता: पाण्यातून पोटात गेलेली नारूची अळी वर्षभर अंगात वाढते आणि मग दोऱ्यासारखा लांब किडा होऊन पायातून बाहेर पडते. नांदेडहून डॉक्टरकी शिकून मी नुकताच आलो होतो. लातूर जिल्हा नवा आणि मीही नवा. नारूची कारणं आणि लक्षणं परीक्षेत लिहून मी चांगले मार्क मिळवले होते. पहिल्याच रुग्णाच्या फोडातून दोऱ्यासारखं टोक दिसताच चिमट्यात धरून ओढलं. ते तुटलं आणि त्याचा पाय भोपळ्याएवढा सुजला.

सिस्टर रागावल्या नाहीत. पाय धुता धुता म्हणाल्या, "सायेब, रोगाचं कारण सालभर दमानं चाललंय. लक्षणाला पंधरा दिवस तरी द्या की!" त्या स्वतः नारूचं टोक कापूस लावलेल्या काडीला गुंडाळायच्या, रोज दोन बोटं, पुरता निघेपर्यंत. एवढा धीर मी नंतर कुठल्याच मोठ्या डॉक्टरात पाहिला नाही.

त्या वर्षी दुष्काळानं सगळ्या विहिरी आटल्या. गावाला उरली एकच पायऱ्यांची बारव, तीही तळाशी हातभर पाण्याची. आमच्याकडे नारूची एकच रुग्ण उरली होती, पाटलांच्या थोरल्या काकू. घरात एकट्या, जिभेला धार. पायाची आग व्हायची म्हणून पाणी भरताना त्या पाय गार पाण्यात बुडवून बसायच्या. नारू नेमका तिथेच पिलं सोडतो.

सिस्टर बारवेच्या वरच्या पायरीवर जाऊन बसल्या. "काकू, ह्या पायानं उतरू नका. पुढल्या साली समदा गाव लंगडंल."

"मग पाणी काय तुझा दवाखाना भरून देणार हाय?"

"मी देते की भरून."

सिस्टरांचं हे माहेरच. त्यांच्या माणसांना ही पायरी पूर्वी बंद होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. काकूंनी रिकामी घागर उचलली आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. माझा संताप झाला. सिस्टर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सायेब, तहान लई मोठी असती."

तिसऱ्या दिवशी काकूंचे ओठ फुटले होते. घागर पायरीवर ठेवून त्या मान फिरवून उभ्या राहिल्या. सिस्टर खाली उतरून घागर भरून आल्या, तशी काकू खाली बसल्या आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. "वाढ बाई."

"थांबा, गाळून देते," म्हणत सिस्टरांनी दुसऱ्या भांड्यावर दुहेरी फडकं धरलं. मग ते पाणी काकूंच्या ओंजळीत ओतलं. काकू घटाघटा प्यायल्या. माझे डोळे भरून आले.

परतताना मी म्हणालो, "सिस्टर, आज हे बघायला तुमच्या आई हव्या होत्या."

त्यांनी ओलं फडकं पिळून झटकलं. मग म्हणाल्या, "आई ह्या बारवेची एक पायरी कवा उतरली न्हाई, सायेब. वर बसून ओंजळ धरायची. तरी बी नारूनंच पाय गेला तिचा. गाळून कुणी दिलंच न्हाई."