चौदा एकवीरा

आमच्या मांडवा-अलिबाग पट्ट्यात नव्या वस्तूचं नाव ठेवताना कुणी डोकं खाजवत नाही. नावं ठेवताना मात्र भरपूर वेळ घेतात. होडी असो, ट्रक असो, उसाच्या रसाचं दुकान असो, आधी 'एकवीरा', मग बाकीचं.

मी मूळचा माणगावचा, म्हणजे इथल्यांच्या लेखी जवळपास घाटावरचाच. संगणक दुरुस्त करत करत इकडे आलो आणि राहिलो. एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसातले संगणक मी सांभाळतो. त्यांना मी 'ऑफिस-१', 'ऑफिस-२' अशी शाळेच्या हजेरीपटासारखी नावं दिली होती. दसऱ्याला पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या, आणि त्या भरात तीन टेबलांवरच्या तीन माणसांनी एकमेकांना न विचारता माझी नावं पुसून 'एकवीरा' टाकलं. एक ताईंचा विंडोजवाला, एक गोदामातला लिनक्सवर चालणारा म्हातारा, आणि एक मालकांच्या मुलीचा मॅक लॅपटॉप. मला कुणी सांगितलं नाही. देवीचं नाव ठेवायला घाटावरच्या माणसाची परवानगी कशाला?

ताई म्हणजे ऑफिसच्या सगळ्या सामानाच्या मालकीणबाई. टायरपासून टाचणीपर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात, आणि चाव्यांचा जुडगा कमरेला. पेन नेलं तर टोपणासकट परत मागतात. मालकांनाही.

पुढे कंपनी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने घेतली. त्यांनी आमच्या नेटवर्कवर एक प्रोग्रॅम सोडला. कुठे किती संगणक आहेत हे तो आपोआप मोजणार आणि मुंबईला कळवणार. त्याने मोजले, आणि मुंबईहून साहेबांचा ताईंना फोन आला. तुमच्याकडे चौदा मॅक लॅपटॉप दिसतात. आम्ही एकच पाहिलाय. उरलेले तेरा कुठे आहेत?

"तेरा न्हाईत, एकच हाय," ताई म्हणाल्या.

"ताई, सिस्टिम खोटं बोलत नाही. यादीत नाव आहे म्हणजे वस्तू आहे. सोमवारी येतो. सापडले नाहीत तर चाव्या दुसऱ्या कुणाला तरी द्याव्या लागतील."

ताईंचा आवाज मी पहिल्यांदा बारीक झालेला ऐकला. "मना सांग बाला," त्या मला म्हणाल्या, "तेरा लॅपटॉप मी काय पदरान बांधून घरा नेलं?" त्या दिवसापासून त्यांचा डबा जसा यायचा तसाच घरी जायला लागला. सुकटीचा डबा न उघडता परत जातो म्हणजे प्रकरण गंभीर. मला फार वाईट वाटलं, आणि त्या प्रोग्रॅमचा मनापासून राग आला.

मी यादी उघडली. एकवीरा-२, एकवीरा-३, अशी रांग थेट एकवीरा-१५ पर्यंत. शेवटची तेवढी हिरवी, म्हणजे हजर. बाकी सगळ्या राखाडी, म्हणजे बेपत्ता. मग मालकांच्या मुलीला लॅपटॉप उघडायला लावला. पडद्यावर आधीच येऊन पडलेली छोटीशी सूचना होती, तिने ती न वाचता ओके केली.

"काय होतं ते?"

"काय माहीत. मधूनमधून येतं. मी ओके करते."

तिथेच सगळी मेख होती. एका नावाचे तिघे एका नेटवर्कवर आले की विंडोज आपली जागा सोडत नाही, लिनक्स कुणाशी बोलत नाही, आणि मॅक पडला सभ्य. नाव आधीच कुणी घेतलंय असं दिसलं की तो आपल्या नावापुढे आकडा लावून मागे सरकतो, आणि कधीकधी स्वतःचंच जुनं नाव दुसऱ्याचं समजून आणखी एक आकडा मागे. मोजणारा प्रोग्रॅम यंत्राच्या अंगावरचा नंबर बघायचं सोडून नुसतं नाव बघत होता. नवं नाव दिसलं की बारसं, आणि जुनं नाव दिसेनासं झालं की बेपत्ता!

उपाय सोपा होता. दोघांनी नाव बदलायचं. पण कुणी? मालकांची मुलगी म्हणाली, "ट्रकवरचं कुणी पुसतं का?" गोदामातून निरोप आला की वाटल्यास संगणक घेऊन जा. मी ताईंना म्हटलं, निदान यादीतली तेरा नावं तरी पुसतो.

"पुसशील तर त्याला वाटंल लपवलं," ताई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. येऊ दे त्याला."

सोमवारी साहेब मांडव्याच्या बोटीने आले. तरुण, गुळगुळीत, मराठीत चार शब्दांमागे तीन इंग्रजी. मी सगळं समजावलं. ते हसले. "कम ऑन! तीन मशीनना एकच नाव कोण देतं?" मग स्वतः तपासायला त्यांनी बॅगेतून लॅपटॉप काढला. तोही मॅक. कंपनीचा बिघडलाय म्हणून घरचा आणलाय, असं म्हणत त्यांनी तो आमच्या वायफायला जोडला.

पडद्यावर तीच छोटी सूचना आली. या वेळी आम्ही सगळ्यांनी वाचली. 'एकवीरा हे नाव या नेटवर्कवर आधीच वापरात आहे. तुमच्या संगणकाचं नाव आता एकवीरा-२ आहे.'

साहेबांचे कान लाल झाले. ताईंच्या टेबलावर यादी उघडीच होती. त्यातली राखाडी एकवीरा-२ सगळ्यांदेखत हिरवी झाली.

"घ्या," ताई म्हणाल्या. "एक सापडला. यो तुमच्याकडं कसा गेला?"

"आवं ताय, यो माजा घरचा हाय!" साहेबांचं सगळं इंग्रजी एका दमात उतरलं.

"यादीन नाव हाय म्हंजी वस्तू आमची." ताईंनी चाव्यांचा जुडगा सावरला. "कंचे गावचा रं तू?"

"पेणचे खालतीचा," साहेब पुटपुटले. "खारपाटातला." म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला, इथलाच.

आठवडाभर रोज न उघडता परत जाणारा डबा ताईंनी आज उघडला आणि अर्धी भाकरी, वर सुकट, त्याच्यापुढे सरकवली.

"खा पयला," त्या म्हणाल्या. "बाकीचं बारा मंग शोधू."