प्रिंटरचं हेड आणि बप्पांची उमेदवारी

चहा येईपर्यंत ऐकून घ्या. एका साध्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेल्या माणसाला मी निवडणुकीला उभं केलं. कुणाला भेटलो नाही, कुणाशी एक शब्द बोललो नाही, तरी उभं केलं. असला गाढवपणा जमायला अंगात काहीतरी लागतं. मला तर फक्त प्रिंटर चालू ठेवायचा होता.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर. मांजरसुंब्याच्या अलीकडं एक गाव आहे, तिथल्या शाळेवर. मास्तरकीत शिकवणं हे सगळ्यात हलकं काम. बाकीचा वेळ माहिती भरण्यात जातो. वरून मेसेज येतो, माहिती आजच्या आज, रंगीत फोटोसह, दोन प्रतींत. मग काढा गाडी आणि जा नेकनूरला, छपाईच्या दुकानात. तिथं लाइट नसायची. लाइट असली तर दुकानदार जेवायला गेलेला असायचा. वर्षभर हे केलं आणि शेवटी थकून घरीच प्रिंटर आणला. शाईच्या टाक्या असलेला, रंगीत.

टाक्या भरताना निळ्या बाटलीची पिचकारी उडाली आणि मी मनगटापर्यंत निळा झालो. साबण झाला, रॉकेल झालं, लिंबू झालं. चार दिवस निळ्या हातानं फळ्यावर लिहिलं. पोरं काही बोलली नाहीत. पोरांना माझी सवय झाली आहे.

पण खरा घोळ सुरू झाला तो उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. दीड महिना आम्ही माझ्या गावी होतो. जूनमध्ये परत येऊन पहिलं पान काढलं, तर पिवळा रंग गायब आणि लाल रंगाच्या नुसत्या रेघा. प्रिंटरमध्ये हेड, म्हणजे शाई सोडणारं तोंड, साफ करायचं एक बटण असतं. ते मी नऊ वेळा दाबलं. प्रत्येक वेळी टाक्यांमधली शाई बोटभर खाली गेली आणि पान जसं होतं तसंच आलं. शेवटी प्रिंटर गोणपाटात गुंडाळला, मोटरसायकलला बांधला आणि बीडला रफिकभाईकडे नेला. रफिकभाई आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, आता प्रिंटर करतो.

"सर, शेवटचं पान कवा काढलतं?" त्यानं विचारलं.

"एप्रिलमध्ये."

पेशंटला फार उशिरा आणलं की डॉक्टर नातेवाइकाकडं बघतात, तसं त्यानं माझ्याकडं बघितलं.

"हे मशीन न्हाई सर, म्हैस हाय. पिळली न्हाई की आटती. शाई वाळून हेडची भोकं बंद झालीत. हप्त्यातून दोनदा तरी एक पान काढत जावा. पन रंगीत पायजे. लाल, पिवळा, निळा, काळा, चारी रंग आले पायजेत त्यात."

दोन दिवस त्यानं हेड भिजत घातलं, सुईनं पाणी सोडलं आणि माझी म्हैस परत दुधावर आणली. घरी येताना मी ठरवून टाकलं, हप्त्यातून दोनदा कशाला, आपण रोज काढू. धोका नको.

आता रोज काढायचं काय? सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "देवाचा फोटो काढा." मी म्हटलं, रोजचं पान रद्दीत जाणार, देव रद्दीत कसा टाकायचा? मोबाइल चाळता चाळता बप्पांचा फोटो सापडला.

बप्पा म्हणजे आमचे घरमालक. आम्ही त्यांच्याच दोन खोल्यांत राहतो. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. माणूस अतिशय सरळ आणि अतिशय अबोल. गावात त्यांना सगळे ओळखायचे, पण त्यांच्याकडं जायचं कुणी नाही आणि ते कुणाकडं जायचे नाहीत. त्यांनी आमच्या शाळेला दोन पंखे दिले, तेव्हा आम्ही त्यांचा सत्कार केला होता. त्याचा हा फोटो. गुलाबी फेटा, झेंडूचा पिवळाधमक हार, आकाशी शर्ट आणि काळ्या काड्यांचा चष्मा. चारही रंग एकाच माणसात! शाळेच्या फलकावर लावायला मी तो तयार केला होता, म्हणून खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं, "गावाचा आधार, आपले बप्पा".

झालं. जूनपासून रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी एक बप्पा काढायचो. रंग बघायचो, पान कपाटामागं टाकायचो आणि शाळेत जायचो. पंधरा-वीस पानं मी पाठकोरी म्हणून वापरली, बाकी साठत गेली.

दिवाळीच्या आवराआवरीत सुनंदानं तो गठ्ठा जुन्या पेपरांबरोबर शब्बीरचाचाला देऊन टाकला. शब्बीरचाचा फाट्यावर सीताफळाचा गाडा लावतो, त्याला गुंडाळायला कागद लागतो. मला ती बोललीसुद्धा. मी हो हो म्हटलं. मी तेव्हा कुठली तरी माहिती भरत होतो.

पण शब्बीरचाचा हा अदबीचा माणूस. नंतर मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, बप्पाच्या फोटोत सीताफळ कसं गुंडाळू? बेअदबी होती. म्हनून मी एक गाड्याला लावला अन् बाकी ज्याला त्याला देऊन टाकले."

ज्याला त्याला म्हणजे कुणाला? सलूनवाल्याला, गिरणीवाल्याला, पंक्चरवाल्याला. आठ दिवसांत फाट्यापासून पारापर्यंत जिकडं बघावं तिकडं गुलाबी फेटा. आणि त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली.

आता तुम्हीच सांगा, निवडणुकीच्या तोंडावर गावभर एका माणसाचा फेट्यातला फोटो लागला, खाली "गावाचा आधार" लिहिलेलं असलं, तर लोक काय समजतील? प्रिंटरची देखभाल चालू आहे असं समजतील?

आमच्या वॉर्डाचे जुने सदस्य उत्तमराव. ते एका सकाळी बप्पांच्या ओट्यावर येऊन बसले. मी खिडकीत दाढी करत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"बप्पा, उभं राहायचं होतं तर मला सांगायचं ना."

"कशाला उभं राहायचं?" बप्पा म्हणाले.

"आता लपवता कावून? गावभर फोटो हायेत तुमचे."

"मी न्हाई लावले."

"मग काय आपोआप उगवले?" असं म्हणून उत्तमराव चहा न घेता निघून गेले.

दहा मिनिटांनी बप्पा आमच्या दारात. हातात ते पान. "सर, तुमी शिकलेले हायेत. हे कोन करतंय?"

इथं मी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या माणसाला कसं सांगू, की बप्पा, तुम्हाला मी रोज सकाळी छापतो आणि कपाटामागं फेकतो? मी म्हटलं, "काय माहीत, बप्पा. गावातलं कुणीतरी तुम्हाला मानणारं असेल."

बप्पांनी पानाकडं परत एकदा बघितलं. मग ते नीट घडी करून खिशात घातलं. दुसऱ्या दिवसापासून बप्पा इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. संध्याकाळी पारावर जाऊन बसायला लागले. लोक त्यांना चहा पाजायला लागले. सुनंदा म्हणाली, "बप्पा हसताना कधी बघितले होते का तुम्ही?"

मी त्याच दिवशी छपाई बंद केली. वाटलं, फोटो संपतील, विषय संपेल. फोटो संपले. वाऱ्यानं फाटले, गाईनं खाल्ले. आणि पारावर नवी बातमी फिरली, बप्पा गप बसले म्हणजे उत्तमरावानं त्यांना गप केलं. बप्पा विकले गेले.

तीस वर्षं ज्या माणसानं सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा बिनतिकीट बसू दिलं नाही, त्याच्याबद्दल हे बोलणं. बप्पा दोन दिवस घराबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तहसीलला गेले आणि अर्ज भरून आले.

आता मला झोप लागेना. त्यात उत्तमरावांनी वर तक्रार केली, सरकारी कर्मचारी प्रचार करतो. गावात रंगीत प्रिंटर एकच, तो माझा. फार हुशारी लागत नाही हो. आमचे केंद्रप्रमुख साहेब, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे आमचे वरिष्ठ, थेट घरी आले. आचारसंहिता होती. नोकरी जाते की काय, एवढ्यापर्यंत मी पोहोचलो होतो.

साहेबांनी प्रिंटर बघितला. कपाटामागून एक बप्पा काढून तोही बघितला. "हे काय आहे?"

"साहेब, प्रिंटरचं हेड सुकू नये म्हणून."

साहेब दमलेल्या आवाजात म्हणाले, "सर, खोटं तरी नीट बोला. मला हे कागदावर लिहायचंय."

मी शपथा घेतल्या. शेवटी साहेबांनी स्वतःच्या फोनवरून रफिकभाईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रफिकभाईनं सगळं बरोबर सांगितलं, म्हैस, हेड, चारही रंग. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "पन साहेब, मी रोज न्हाई सांगितलं. हप्त्याला दोनदा सांगितलं होतं."

"मग तुम्ही रोज का काढलं?" साहेबांनी मला विचारलं.

"धोका नको म्हणून," मी म्हटलं. साहेबांनी खुलाशात "यंत्राच्या देखभालीसाठी" असं लिहून घेतलं, समज दिली आणि गेले. सुनंदा म्हणाली, "तरी मी म्हणत होते, देवाचा काढा."

त्या संध्याकाळी मी बप्पांकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी थांबल्यावर बप्पा म्हणाले, "म्हंजे गावातल्या कुनाच्याच मनात नव्हतं?"

"नाही, बप्पा. मीच होतो."

"मला मानणारं कुनीतरी असंल, म्हनलते तुमी."

मी खाली बघितलं. फरशीवरच्या मुंग्या मोजल्या. मग बप्पा म्हणाले, "अर्ज माघारी घ्यायची तारीख बी गेली. अन् खरं सांगू का सर, आधी कुनाच्या मनात नसंल. आता लोक घरी बोलावतेत, बसा म्हनतेत. मला बी बरं वाटाया लागलंय. मी राहतो उभा."

आणि ते खरोखर उभे राहिले. घरोघर गेले, हात जोडले, एवढंच. उत्तमरावांच्या जीपगाड्या फिरल्या, बप्पा पायी फिरले. लोक म्हणायला लागले, ह्या खेपेला अवघड हाय. मला आतून थोडी आशा वाटायला लागली. वाटलं, बप्पा निवडून आले तर माझं पाप धुऊन निघेल.

मतमोजणी झाली. दोघांना समान मतं. पुन्हा मोजली, पुन्हा समान. मग नियमाप्रमाणं चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघाली उत्तमरावांची. मास्तरानं राजकारणात पडू नये असं म्हणतात. मी ते पाळलं. पडले ते बप्पा.

ते परत आले तेव्हा दिवस मावळत होता. मी दारातच उभा होतो. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी म्हटलं, "बप्पा, फक्त एक मत कमी पडलं हो."

बप्पा पायरीवर बसले. चष्मा काढून पुसला. "सर, एक इचारू? तुमचं नाव हाय ना आपल्या वॉर्डात?"

"आहे."

"मग मला टाकलं का मत?"

आता हे ऐका. मतदानाच्या दिवशी मला निवडणुकीची ड्यूटी होती, दुसऱ्या तालुक्यात. ड्यूटीवरच्या माणसाला पोस्टानं मत देता येतं. त्याचा फॉर्म ट्रेनिंगला सगळ्यांना वाटला होता, मलाही मिळाला होता. पण त्या खुलाशानंतर निवडणूक हा शब्द लिहिलेला कुठलाही कागद भरायची मला धास्ती बसली होती. फॉर्म खिशात ठेवला. उद्या भरू, परवा भरू करता करता मुदत गेली आणि सुनंदानं तो शर्टाबरोबर धुऊन टाकला.

"नाही टाकलं, बप्पा," मी म्हटलं.

"उत्तमरावाला टाकलं?"

"कुणालाच नाही."

बप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते अगदी शांतपणे, तिकीट फाडून द्यावं तसं बोलले.

"म्हंजे सर, मला उभं करनारे बी तुमी एकटे अन् पाडनारे बी तुमी एकटेच. गावाचा तसा काई दोष न्हाई."