अंगठ्याने वाचलेली पुडी

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. पिठाची नवी पुडी फोडली, की त्या वासाने मला पोलंड आठवतं. त्या साली मी बर्लिनला मुलाकडे राहत होतो आणि घराजवळच्या सुपरमार्केटातही मला एकट्याला सोडत नसत. "बाबा, जर्मन वाचता येत नाही तुम्हाला, भलतंच काही आणाल," असं मुलगा म्हणायचा. मला मराठीसुद्धा जेमतेम वाचता येतं, पण चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, ती काय पाट्या वाचून? सुट्टीत आम्ही पोलंडला समुद्रावर गेलो. नातीने पोळीचा हट्ट धरला आणि जवळ पीठ नव्हतं. गावात सापडलं ते दुकान आमच्या बर्लिनच्याच कंपनीचं, पाटी तीच, आतली मांडणीही तीच. अक्षरं तेवढी पोलिश, त्यामुळे मुलगा-सून माझ्याइतकेच अडाणी झाले. मी पावांपासून डावीकडे वळलो, तर पीठ तिथंच. मुलाने एक पुडी उचलली. मी ती अंगठ्याने दाबली, तर आत करकरलं. म्हटलं, "ही खळ आहे, कपड्यांना घाल!" उलटून पाहिलं, तर मागे बारीकसा बटाटा छापलेला, म्हणजे बटाट्याचीच खळ. शेजारची पुडी दाबली, ती मऊ बसली. सून नवऱ्याला म्हणाली, "अरे इंजिनियर, बाबांना विचारत जा जरा." नात जर्मनमध्ये ओरडली, "गेनाऊ, आजोबा!" म्हणजे अगदी बरोबर. संध्याकाळी पोळ्या टम्म फुगल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा दूध आणायला बूट घालत होता, मी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि एकटाच दुकानात गेलो.