दुसऱ्यांच्या भांडणात बंद पडलेला फोन

नवऱ्याला शेतात, धानाच्या बांधीत साप चावला तेव्हा जवळ दुसरं कोणी नव्हतं, माझ्या हातात फोन तेवढा होता. दोन महिने आधी तोच फोन कंपनीचं नाव दाखवून तिथेच अडकून बसायचा.

तो सुरू केला आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या बाजारात फोन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो बोलताना मान वर करत नाही, आणि गिऱ्हाइकाला चहाही विचारत नाही. काचेच्या कपाटात नवे फोन होते, पण मला एकही दाखवला नाही.

"आजी, तुझी कंपनी कोर्टात हरली. दुसरी कंपनी म्हणते, फोनमधली युक्ती आमची. म्हणून तुझीवालीनं इकडचा धंदाच गुंडाळला. आता नवं सॉफ्टवेअर येत नाही, म्हणून जुनं बिघडलं का फोन असा अडकते."

"त्यांच्या भांडणात माहा फोन काऊन मरते?"

"यात फुकटवालं सॉफ्टवेअर टाकून देतो. देशोदेशीचे लोक मिळून लिहितेत."

"त्यांच्यावरबी केस झाली त?"

"झाली त पाहू. आज त चालून राहिला ना?"

फोन सुरू झाला तरी त्याने मला सोडलं नाही. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडून तो दवाखान्याची गाडी बोलवायचा नंबर लावण्याचा सराव करवून घेतो.

"मी काय पहिलीतली पोरगी हावो का?" मी चिडले.

"पुन्हा दाखव," तो म्हणाला. असं चारदा.

साप चावला त्या दिवशी बांधीत माझं बोट बरोबर जागी गेलं. गाडी आली. त्या मिस्त्रीचे उपकार आहेत. नवरा जगला.