एझ्रासरांजवळ उरलेला शब्द

एझ्रासर गेल्याचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. निळं, घडीचं, विमानाचं. त्यांच्या मुलाने, बेन्नीने, चारच ओळी लिहिल्या होत्या. बाबा पहाटे गेले, त्रास झाला नाही, इथेच दफन केलं, आई बरी आहे. मी ते वाचलं, तेवढ्यात घंटा झाली आणि मी नववीच्या वर्गावर गेले.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मी या शाळेत संस्कृत शिकवायला आले, तेव्हा सर इंग्रजीचे जुने शिक्षक होते. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, पण जन्म पनवेलचा आणि घरात बोलणं मराठी. शनिवारी ते शाळेत यायचे नाहीत, त्याबदली रविवारी सकाळी मुलांना घरी बोलावून शिकवायचे. त्यांचा ‘आऊट’ या शब्दावरचा तास गावात प्रसिद्ध होता. ‘आऊट म्हणजे बाहेर’ एवढंच लिहिणाऱ्याला ते निम्मे गुण द्यायचे. दिवा आऊट झाला तर विझला, फूल आऊट झालं तर उमललं, गुपित आऊट झालं तर फुटलं, आणि खाडीचं पाणी आऊट म्हणजे ओहोटी. “शब्द एकटा काही सांगत नाही,” ते मुलांना म्हणायचे, “शेजारी कोण बसलंय ते बघा.” एका दुपारी जाडजूड कोश घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

“बाई, तुमच्याकडे ‘उद्’ आहे ना? त्याचा अर्थ काय?”

“वर,” मी म्हटलं. “बाहेरसुद्धा. उदय, उद्गम, उद्गार...”

“मग हा घ्या त्याचा चुलतभाऊ.” कोशात दिलं होतं की इंग्रजांचा आऊट आणि आपला उद् एकाच मुळातून निघाले. सर इतके खूश झाले, की जणू त्यांचाच कोणी हरवलेला नातेवाईक सापडला होता. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना चहा आणि खारी मिळाली.

पुढे त्यांच्या समाजातली घरं एकेक करून इस्राएलला निघाली. बेन्नीही गेला. सरांच्या पत्नीचा, सिमावहिनींचा, जीव मुलाकडे ओढायचा. सर मात्र ‘बघू’ म्हणायचे. जाऊ या असं कधी म्हणाले नाहीत, नको असंही नाही.

आणि एके दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना ते खाली बसले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. चार दिवसांनी तोंडातून शब्द आला तो ‘आऊट’. पुढेही तेवढाच यायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादाच शब्द उरतो, आणि तोच का, ते सांगता येत नाही. आम्हाला वाटलं, बाहेर जायचं असेल. खुर्ची ओट्यावर नेली, तर त्यांनी मान हलवली. दिवा घालवला, मग पुन्हा लावला. भेटायला आलेल्यांना उठवलं. ते पुन्हा तोच शब्द म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. या विद्यार्थिनीला तरी उत्तर यायला हवं, असं ते बघणं होतं.

बेन्नी त्यांना न्यायला आला. माझ्यासमोरच त्याने वडिलांचा हात हातात घेतला. “बाबा, आपण तिकडे जाऊ या ना? तुम्ही, आई, सगळेच.”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आऊट,” म्हणाले.

बेन्नीचे डोळे भरले. “बघा, निघू या म्हणतायत.”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मस्ती करणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढताना सरांचा जो आवाज लागायचा, तोच मला त्यात ऐकू आला होता. पण मी बोलले नाही. नाही म्हणतायत, असं सांगून पुढे काय करणार होते? त्यांना उचलणार कोण, भरवणार कोण? बेन्नीची नोकरी तिकडे, वहिनी थकलेल्या, माझ्या घरी सासू अंथरुणावर. आठ दिवसांनी एसटी स्टँडवर मी त्यांना निरोप दिला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि तीनदा तो शब्द म्हटला. मी “हो, सर” म्हटलं. कशाला हो म्हटलं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींचं पत्र आलं. इथे पोचल्यापासून तो शब्दही बंद झाला, त्यांनी लिहिलंय. सात महिने ते काहीच बोलले नाहीत. वेळेवर जेवायचे, औषध घ्यायचे, नातू मांडीवर दिला तर त्याला धरून बसायचे. आणि शेवटी ही ओळ : ‘बाई, बेन्नीने विचारलं त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं, ते खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही.’

मी उत्तर लिहिलं. जे ऐकू आलं होतं, ते जसंच्या तसं लिहिलं. शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात सरांचा खण अजून त्यांच्याच नावाचा आहे. नव्या शिक्षकांनी तो मागितला नाही आणि आम्ही दिला नाही. आत खडूचे तुकडे आहेत, लाल शाईची दौत आहे, आणि पाच दिवसांपासून माझं ते उत्तराचं पत्र आहे. रोज शाळा सुटली की मी खण उघडते, पत्र हातात घेते... आणि परत ठेवते.